सखाहरीनं डाग काढले

उंबरवाडीत शहाणी माणसं रगड होती. पण शहाण्यांच्या गोष्टी सांगायला बसलं तर ऐकणारा उठून जातो. म्हणून त्यांना सोडून देऊ. त्याच गावात एक सखाहरी होता. अंगानं धिप्पाड, कामाला वाघ, आणि मनानं इतका भोळा की त्याला कुणी ‘बस की जरा’ म्हटलं तर तो जराच बसायचा आणि लगेच उठायचा.

तसा त्याच्यात काही दोष नव्हता. फक्त त्याला सांगितलेला शब्द जसा कानात शिरायचा तसाच हातातून बाहेर पडायचा. मध्ये कुठे थांबायचा नाही.

लग्नाला महिना झाला नसेल. त्याची बायको हौसा ओढ्याला धुणं घेऊन निघाली. जाताना म्हणाली, “चुलीवर भात हाय. खाली लागू दिऊ नका.” तासाभरानं परत येऊन बघते तर खाली चूल ढणढणतेय आणि सखाहरी दोन्ही हातांनी पातेलं उचलून हवेत धरून उभा आहे. दंड थरथरतायत, कपाळावरून घाम निथळतोय. “लागू दिला न्हाई गं,” तो म्हणाला. भात कच्चाच होता. हौसा पोट धरून हसली, आणि त्या दिवसापासून तिचा त्याच्यावर फार जीव जडला. तो का, ते तिलाच ठाऊक.

ही हकिकत उडत उडत कासारशेताला गेली. तिथं हौसाचं माहेर. तिचे वडील जोतिराम हवालदार पलटणीतून पेन्शनीत आलेले. ते हसले नाहीत. खरं तर हुकूम असा तंतोतंत पाळणारा जावई हवालदारालाच मिळायला हवा होता, पण तेवढं त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी चैत्रात लेकीला चार दिवसांसाठी म्हणून बोलावून घेतलं आणि ठेवूनच घेतलं. निघताना ती नवऱ्याला म्हणाली होती, “वाट बघा माझी.” सखाहरी रोज दिवसभराचं काम उरकून बांधावर बसायचा आणि कासारशेताकडून येणाऱ्या पायवाटेकडे बघत राहायचा. दोन महिने त्यानं ती वाट बघितली.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. हवालदारांना कितीही राग असला तरी रीत मोडता येईना. त्यांनी सांगावा धाडला. सखाहरी दारात येताच त्यांनी अट घातली.

“पावणं, बुधवार ते मंगळवार, सात दिस ऱ्हावा. शाण्या माणसावाणी वागलात तर पोरगी घिऊन जावा. न्हाईतर ती हितंच ऱ्हाईल. कायमची.”

“बरं, मामा,” सखाहरी म्हणाला.

हौसानं त्याला कोपऱ्यात गाठलं. “काय कळलं न्हाई तर आधी मला इचारा.”

“पर कळलं न्हाई, हे मला कसं कळंल?”



आता गालिच्याचं सांगायला हवं. हवालदारांनी काश्मिरातून एक गालिचा आणला होता. लालभडक, मध्ये कमळं, कडेला बदकं. त्यांच्या सगळ्या नोकरीची कमाई म्हणाल तर एक पदक आणि हा गालिचा. वर्षभर तो डांबराच्या गोळ्या घालून माळ्यावर गुंडाळलेला असायचा. धोंड्याचं जेवण म्हणून तो पुढच्या सोप्यात अंथरला आणि जावयाला मानानं त्यावर बसवलं. इथंच चूक झाली, पण ती काही सखाहरीची नव्हती.

सासू बायजाक्का वाढायला. पुरणाचे धोंडे, वर तूप, वाटीत कटाची आमटी, तिच्यावर बोटभर तेलाचा तवंग. “लाजू नगा पावणं,” सासू म्हणाली, “आन् पानात काय टाकायचं न्हाई हं.”

पाच धोंडे रिचवल्यावर सखाहरीच्या पोटात जागा उरली नाही. अर्धा धोंडा आणि वाटीभर आमटी शिल्लक. त्यानं विचार केला. खाववत नाही. पानात टाकायचं नाही. मग राहिलं काय? त्यानं डावीकडे बघितलं. जागा चांगली ऐसपैस होती. वाटी अलगद गालिच्यावर पालथी घातली, वर अर्धा धोंडा ठेवला आणि तो म्हणाला, “मामी, पान स्वच्छ हाय बघा.”

हवालदारांच्या घशात घास अडकला. हौसा आतून धावत आली. “अवं, बघत काय बसलाय! आधी टिपून घ्या, टिपून!”

सखाहरी तडक उठला. कोनाड्यातली पेन्सिल घेतली, जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मांडीवर धरून टिपून घेतलं. ‘बुधवार. कटाची आमटी. मधल्या कमळाच्या डाव्या अंगाला. रंग तांबूस. वास चांगला.’

“घेतलं टिपून,” तो म्हणाला.

हौसानं कपाळाला हात लावला. मग तिनं जुनं धोतर आणून आमटी हलक्या हातानं शोषून घेतली आणि वर ओंजळभर ज्वारीचं पीठ पसरलं. “हे बघा. घासायचं न्हाई. घासलं की डाग आत शिरतो. पीठ टाकायचं, ते त्याल पितं. मग झटकायचं.” संध्याकाळी पीठ झटकलं तर डाग जवळजवळ गेलेला. हवालदारांनी वाकून बघितलं आणि ते नुसतेच हुंकारले. सखाहरीनं कॅलेंडरवर पुढची ओळ लिहिली. ‘डाग पडला की पीठ.’

गुरुवारी आमरस होता. खाता खाता हवालदारांना शिंक आली. अशी शिंक आली की त्यांच्याच हातातली वाटी गालिच्यावर उपडी झाली. सखाहरीला आनंद झाला. रस सांडल्याचा नाही, आता काय करायचं ते आपल्याला येतं याचा. तो पळत आत गेला आणि पिठाचा आख्खा डबा घेऊन आला. डबा गव्हाच्या पिठाचा. त्यानं तो रसावर रिकामा केला. पिठानं रस प्यायला खरा, पण ते चिकट झालं. चिकट झालं म्हणून सखाहरीनं दाबलं. दाबलं तसं ते हाताला लागलं. मग बाह्या सरसावून त्यानं ते नीट मळलं.

बायजाक्का बाहेर आली तेव्हा कमळावर मोठा पिवळा गोळा तयार होता.

“मामी,” सखाहरी म्हणाला, “कणीक आयती भिजलीया. पुऱ्या लाटून घ्या.”

बायजाक्कानं लेकीला हाक मारली. हौसानं तो गोळा उलथन्यानं खरवडून काढला, गार पाण्याचे हबके मारले, फडक्यानं पाणी शोषलं, परत हबके मारले. तास गेला. “रसाला पीठ न्हाई चालत वो,” ती हळूच म्हणाली. “असा डाग आधी उलथन्यानं खरवडायचा आन् मग गार पाणी मारायचं.” बायजाक्कानं आपल्याकडून एक भर घातली. “आन् डागाचं पाणी माझ्या दारात वतू नगा. उकिरड्यावर नेऊन वता.” सखाहरीनं दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या आणि रात्री झोपताना दोनदा वाचल्या.

शुक्रवारी सकाळी हिंदूराव तात्या आले. हवालदारांचे थोरले भाऊ. भारदस्त माणूस, आणि मिशी त्याहून भारदस्त. ती ते रोज तेल लावून पिळायचे. गालिच्यावर बसून त्यांनी अनारसा तोंडात घातला. अनारसा खुसखुशीत होता, त्याचा भुगा गालिच्यावर पडला, धोतरावर पडला आणि बराचसा मिशीत अडकला.

सखाहरी समोरच उभा होता. त्यानं बघितलं. तो आत जाऊन उलथनं घेऊन आला.

“तात्या, हलू नगा हं.”

“का रं?” असं तात्या म्हणाले असतील नसतील, तोवर उलथनं मिशीवरून फिरायला लागलं होतं. एकदा इकडून, एकदा तिकडून. तात्यांना वाटलं, इथं जावयाकडून दाढी करून घ्यायची रीत असावी, म्हणून पहिल्यांदा ते गप्प बसले. मग मिशी ओढली गेली आणि ते ओरडले. सखाहरी म्हणाला, “झालंच,” आणि गार पाण्याची कळशी त्यांच्या डोक्यावर रिकामी केली.

हिंदूराव तात्या हवालदारांचं सदरा-धोतर घालून घरी गेले. त्या दिवशी त्यांनी कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं आणि पाळलंही.

हौसा या खेपेला हसली नाही. तिनं नवऱ्याला परसात नेलं, समोर बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. “ऐका. माणसाला हात लावायचा न्हाई. माणसाला तोंडानं सांगायचं, तुमच्या अंगावरचा डाग तुमी काढा. कळलं? आन् भुगा, टरफलं, असलं सुकं असलं की पाणी मारायचं न्हाई. गालिचा गुंडाळायचा, अंगणात न्यायचा, भिताडावर टाकायचा आन् काठीनं बडवायचा. धूळ उडती, तवा तोंडाला टावेल बांधा.”

“आता समदं आलं मला,” सखाहरी म्हणाला. आणि कधी नव्हे ते त्याचं म्हणणं खरंच होतं. सगळं त्याला पाठ झालं होतं.

शनिवारी दुपारी हवालदार शेंगा खात गालिच्यावर आडवे झाले. खाता खाता डोळा लागला. पोटावर टरफलं, उशाला टरफलं, बदकांच्या रांगेवर टरफलं. सखाहरी दारातून आला आणि थबकला.

सुकं आहे. म्हणजे पाणी नाही. गालिचा गुंडाळायचा. पण गालिच्यावर मामा आहेत, आणि माणसाला हात लावायचा नाही. तोंडानं सांगायचं. तो गुडघ्यावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “मामा, गालिचा गुंडाळतोय.”

“हं,” हवालदार झोपेत म्हणाले.

परवानगी मिळाली. सखाहरीनं गालिचा एका टोकानं धरला आणि गुंडाळत नेला. मामांना त्यानं बोटसुद्धा लावलं नाही. गुंडाळी खांद्यावर टाकली. ती जरा जड लागली, पण टरफलंही खूप होती. अंगणात नेऊन भिंतीवर आडवी टाकली, तोंडाला टॉवेल बांधला, काठी उचलली आणि पहिला दणका दिला.

“कोण हाय रं?” गालिचा म्हणाला.

सखाहरीनं दुसरा दिला. धूळ मोठी हट्टी दिसत होती. तिसऱ्या दणक्याला गालिच्यानं पलटणीतल्या शिव्या द्यायला सुरुवात केली. तेव्हा कुठे हौसा किंचाळत धावली, बायजाक्का धावली, आणि दोघींनी मिळून हवालदारांना उलगडून बाहेर काढलं.

हवालदार कमरेवर हात ठेवून उभे राहिले. सरळ काही उभं राहता येईना. त्यांनी जावयाकडे बघितलंच नाही. लेकीकडे बघून ते म्हणाले, “मंगळवारपातुर थांबायची गरज न्हाई. उद्या हळदीकुंकू हाय. साऱ्या भावकीच्या बाया येणार. उद्याला माझ्या घरात एक डाग दिसू दे. एकच. मग उंबरवाडीचं नाव काढायचं न्हाईस.”

त्या संध्याकाळी हौसा रडली. “मला तुमच्यासंगं यायचं हाय वो,” ती म्हणाली. “हितं समदी शाणी हाईत. दिसभर कुणी हसत न्हाई.”  पायवाट बघत काढलेले दोन महिने सखाहरीला आठवले आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. “उद्या एकबी डाग ऱ्हाऊ देत न्हाई,” तो म्हणाला. “तुझी शप्पत.”

रविवारी तो तांबडं फुटायच्या आधी उठला. गालिचा गुंडाळण्यापूर्वी वर कुणी झोपलेलं नाही ना, हे त्यानं तीनदा बघितलं. एकदा हाकही मारून बघितली. मग बडवला. मग रिठ्याचं पाणी करून आमटीचा उरलेला पिवळट वण पुसला, रसाचा पुसला, अनारशाचं तूप पुसलं. दुपारपर्यंत गालिचा असा झाला की बदकं पोहायला लागतील. हवालदार चष्मा लावून आले, वाकता येत नव्हतं म्हणून काठीवर रेलून कोपरा न् कोपरा त्यांनी तपासला. काही सापडेना.

“हं,” ते म्हणाले. त्यात थोडी निराशा होती. मग ते मिठाचं पुरचुंडं कमरेला बांधून शेकत माजघरात जाऊन पडले.

हौसाच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा रंग आला.

चार वाजता बाया यायला लागल्या. वीस-बावीसजणी, रेशमी लुगडी, पैठण्या, आणि असेल नसेल ते सोनं अंगावर. गालिच्यावर गोल करून बसल्या. बायजाक्का आणि हौसा परसात ओटीचं सामान काढत होत्या. सखाहरी अंगणात गालिच्याखालची सतरंजी बडवत होता. तोंडाला टॉवेल, हातात काठी, शेजारी रिठ्याच्या पाण्याची बादली. खिडकी उघडी होती. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

“अगं बाई यमुने, नवा डाग व्हय?”

“व्हय. परवाच केला.”

“केवढा मोठा हाय गं! उठून दिसतोय.”

सखाहरीची काठी वरच्या वर थांबली.

“माजा हा जुना डाग,” तिसरी म्हणाली. “सासूनं दिलेला. तिला तिच्या सासूनं.”

“माज्याकडं डाग लई. पर रोज कुठं घालून हिंडायचे? आज मुद्दाम समदे घालून आले.”

आता तुम्हाला मला माहीत आहे की आपल्याकडे जुन्या बायका दागिन्याला डाग म्हणतात. सखाहरीलाही ते माहीत असायला हवं होतं. पण गेले पाच दिवस त्याच्या डोक्यात एकाच प्रकारचे डाग होते आणि दुसऱ्याला जागा नव्हती.  सकाळपासून त्यानं घासूनपुसून घर लखलखीत केलं, आणि या बाया मुद्दाम डाग घालून आल्या! एकीचा नवा, एकीचा पिढीजात. हे मामांनी बघितलं तर हौसा गेली.

घाई होती, पण सखाहरी गडबडला नाही. त्याला सगळं पाठ होतं. माणसाला हात लावायचा नाही. तोंडानं सांगायचं. तो बादली घेऊन सोप्यात शिरला. वारा येऊन धूळ आत उडू नये म्हणून दार लावलं, कडी घातली आणि वळला.

बायांनी बघितलं. धिप्पाड गडी, तोंडाला टॉवेल, हातात काठी, दाराला कडी.

“बायांनो,” सखाहरी अदबीनं म्हणाला, “ज्यांच्या ज्यांच्या अंगावर डाग हाईत, त्यांनी ते मुकाट्यानं काढा. माणसाला हात लावायचा न्हाई असं मला बजावलंय. तवा तुमचं तुमीच काढा. आरडाओरडा करू नगा. मामा झोपल्यात.”

 यमुनेनं आपला नवा कोरा गोफ काढला आणि गालिच्यावर ठेवायला गेली.

“गालिच्यावर न्हाई!” सखाहरी कळवळून ओरडला. “गालिच्यावर एक जरी डाग दिसला तर माझा संसार मोडंल! बादलीत टाका.”

बुडुक. गोफ बादलीत गेला. मागून पाटल्या गेल्या, तोडे गेले, ठुशा, पुतळ्याची माळ, बुगड्या. सखाहरीला आश्चर्य वाटलं. डाग असे सहज निघतात हे त्याला माहीत नव्हतं. पीठ नाही, घासणं नाही. नुसतं नीट सांगावं लागतं.

एक म्हातारी हात जोडून म्हणाली, “लेकरा, समदं ने. एवढं गळ्यातलं डोरलं ऱ्हाऊ दे.”

“त्यो डाग हाय काय?”

“न्हाई रं बाबा. ते माझं सौभाग्य हाय.”

“मग ऱ्हाऊ द्या की आजी. मला फक्त डागच काढायचे हाईत.”

म्हातारीला रडू फुटलं. असा दयाळू दरोडेखोर तिनं उभ्या जन्मात बघितला नव्हता.

सगळ्यांना एकदा निरखून, मान डोलावून सखाहरी बादली घेऊन बाजूच्या दारानं बाहेर पडला. डागाचं पाणी दारात ओतायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो गोठ्यामागच्या उकिरड्यावर गेला, बादली पालथी केली आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून वरून काठीनं शेण नीट सारवून टाकलं. टॉवेल सोडला, हातपाय धुतले आणि हलक्या मनानं परत आला.

घरात कल्लोळ माजला होता. हवालदार कमरेला मिठाचं पुरचुंडं तसंच बांधलेलं, हातात सोटा घेऊन गरगरत होते. “कोण शिरलं? कुठं गेला?”

“धिप्पाड हुता! तोंडाला टावेल!” बाया सांगत होत्या. “हातात काठी!”

“कवा आला?” सखाहरीनं काळजीनं विचारलं. “मी तर हितंच हुतो. मला दिसला न्हाई.”

“समदे डाग घिऊन गेला हो, हवालदार!”

“डाग?” सखाहरीचा चेहरा उजळला. “त्यो कोण न्हाई मामा, डाग मी काढले. एकीच्याबी अंगावर शिल्लक ऱ्हाऊ दिला न्हाई. बघा तुमी.”

 हवालदारांनी बायांच्या मोकळ्या गळ्यांकडे बघितलं, मोकळ्या हातांकडे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, “कुठं हाईत?”

“उकिरड्यावर. मामींनी सांगितल्यालं.”

पुढचा अर्धा तास कासारशेतात कुणी विसरणार नाही. वीस-बावीस बाया रेशमी लुगड्यांचे काचे मारून उकिरड्यात उतरल्या. कोपरापर्यंत हात घालून एकेक दागिना शोधत होत्या. “ही पाटली कुणाची?” “माजी गं!” “बुगडी घावली!” सगळं सापडलं. सापडलं नाही असं काहीच नाही. पण पैठण्यांकडे, पदरांकडे बघून सखाहरीला मनापासून वाईट वाटलं. “एवढे काढले,” तो पुटपुटला, “आन् परत पाडून घेतले.”

हवालदार सोप्यात येऊन गालिच्यावर बसले. पलटणीत इतकी वर्षं काढली, पण असं काही त्यांच्यावर कोसळलं नव्हतं.  पहिला शब्द निघाला तेव्हा आढ्याच्या चिमण्या उडाल्या.

“घे तुझी बायकू!” ते गरजले. “आत्ताच्या आत्ता घे, आन् तोंड काळं कर!”

हौसानं पहिला अर्धा ऐकला. दोन महिने ती ज्या शब्दांसाठी झुरत होती ते हेच होते, कसे का असेनात. ती माजघरात पळाली आणि हाताला लागेल ते लुगडं ट्रंकेत कोंबायला लागली.

सखाहरीनं दोन्ही अर्धे ऐकले. त्याच्या दृष्टीनं कामं दोन होती. बायको ट्रंक भरत होती, म्हणजे एक काम मार्गी लागलं होतं. दुसऱ्यासाठी तो स्वयंपाकघरात गेला. भिंतीला तवा टेकवलेला होता. त्यानं तो उलटा केला, काजळीवरून दोन्ही तळवे फिरवले आणि तोंडाला चोळले. कपाळ, गाल, नाक, मिशी. कामात कुचराई त्याला आवडायची नाही. तव्याच्या कडेचं थोडं तेलही त्यानं पुसून घेतलं, म्हणजे काजळी नीट बसते. मग कानही भरले.

बाहेर आला तेव्हा हवालदार डोकं धरून बसले होते. निघताना सासऱ्याच्या पाया पडायचं असतं. एवढा मान सखाहरीला कळत होता. तो पुढे झाला आणि त्यांच्या पायांपुढे चांगलं आडवं होऊन त्यानं गालिच्यावर डोकं टेकलं. मनोभावे टेकलं. आधी कपाळ, मग एक गाल, मग दुसरा. मग उठला.

हवालदारांनी डोळे उघडले. मधल्या कमळात जावयाचं तोंड उमटलं होतं. नाक होतं. मिशी होती. काजळी आणि तेल कमळाच्या पाकळीपाकळीत मुरलं होतं. आणि ते तोंड मोठ्या आदरानं त्यांच्याकडेच बघत होतं.

हवालदार उभे राहिले. कमरेचं पुरचुंडं सुटून मीठ सांडलं. त्यांनी तोंड उघडलं आणि जे बोलायला सुरुवात केली त्यातलं बरंचसं पलटणीबाहेर बोलत नाहीत.

हौसानं एका हातानं ट्रंक सखाहरीच्या डोक्यावर चढवली, दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं, आईच्या पायाला ओझरता हात लावला आणि उकिरड्याला वळसा घालून ती जी निघाली ती वेशीबाहेर ओढ्यावरच्या फरशीच्या पुलावर येऊनच थांबली. तिथं तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. काळंकुळीत तोंड, त्यात दोन पांढरे डोळे, आणि ते डोळे तिच्याकडे काळजीनं बघत होते. तिला हसू फुटलं. दोन महिन्यांचं साठलेलं हसू होतं, ते थांबेचना. ती फरशीवर बसूनच हसली.

“हौसे,” सखाहरी म्हणाला, “मामा मागनं कायतरी मोठ्यानं बोलत हुते. कानात काजळी गेली, ऐकू आलं न्हाई. काय म्हणत हुते?”

याच माणसाशी तिनं संसार केला होता. पण आनंदात माणूस बेसावध होतो. हौसानं पदरानं डोळे पुसले आणि ती म्हणाली, “काय म्हणणार? जावई निघाला की म्हणत्यात तेच. परत या म्हणले.”

“मग मगाशीच सांगायचं नव्हं का?” सखाहरी म्हणाला, आणि डोक्यावरची ट्रंक तशीच सांभाळत तो माघारी वळला.